फणसाचं वजन

बाजारात मी सगळ्यांत मोठा फणस उचलून काट्यावर ठेवला, तेव्हा फणसवाली म्हणाली, "ताई, हे सगळं वजन गऱ्यांचं नाही हं!" मला एकदम लेकीच्या पहिल्या नोकरीचं पत्र आठवलं. त्यातल्या वर्षाच्या पॅकेजला बाराने भागून तिने भाड्याचा फ्लॅटसुद्धा पसंत केला होता. मी जन्मभर ऑफिसात पगारबिलं केली, आणि माझीच पोर अशी! मूळ पगार त्या आकड्याच्या निम्माही नव्हता. बाकी भत्ते होते, बोनस होता, विमा होता, कंपनीने फंडात भरायचे पैसे होते. ते काही खोटे नसतात. फक्त त्यातले बरेचसे एक तारखेला घरमालकाला देता येत नाहीत.

फणसवालीने गरे सोलून दिले आणि आठळ्या वेगळ्या बांधल्या. "धुऊन वाळवा. पावसाळ्यात भाजीला होतील."

घरी येऊन मी लेकीसमोर दोन्ही ठेवलं, शेजारी तिचं नोकरीचं पत्र. म्हटलं, "आठळ्या जपून ठेवायच्या. पण आज भूक लागली तर काय खाशील?"

तिने एक गरा तोंडात टाकला, पत्र पुन्हा वाचलं, आणि फ्लॅटवाल्याला नाही म्हणायला फोन उचलला.