वसंता दुबईला आला नाही

"मोहन माझा भाडेकरू नाही," वसंता म्हणाला, आणि आमच्या कट्ट्यावरचा चहा गार झाला.

दोन पुरुषांचं प्रेम हा गुन्हा नाही, असं कोर्टाने सांगितलं त्या आठवड्यातली गोष्ट.

बदलापूरला शिरगावात आम्ही रिटायर्ड लोक रोज सकाळी जमतो. वसंता आनंदनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला. त्याच्या फ्लॅटमध्ये उल्हासनगरचा एक सिंधी राहायचा, मोहन. जीन्स शिवायचं दुकान होतं त्याचं. तीसेक वर्षं आम्ही त्याला भाडेकरूच समजत आलो.

"मग कोन हाय त्यो?" खरवईच्या काशिनाथने विचारलं.

"माझं माणूस."

काशिनाथने गार चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "तरीच. भाडं कदी वाढवलं नाय यानं."

"लिया ही कब?" वसंताशेजारी बसलेला मोहन म्हणाला.

सगळे हसलो. आम्हाला वाटलं, संपला विषय.

वसंता माझा शाळासोबती. अंबरनाथच्या शाळेत कविता म्हणून दाखवायचा तास असे. ओळ विसरली की मी कुठलं तरी यमक जुळवून पुढे दामटायचो. गुरुजी हसून सोडून द्यायचे.

वसंता मात्र थांबायचा. चुकीची ओळ म्हणायचा नाही. गुपचूप हात पुढे करायचा आणि छडी खायचा.

अजूनही कुठल्या शाळेतून मुलांचा एका सुरातला आवाज आला की मला त्या खिडकीतलं तिरकं ऊन दिसतं. आणि पुढे केलेला तो हात.

आमच्या कट्ट्याची दरवर्षी ट्रिप निघते. काश्मीर झालं, केरळ झालं. दोघेही बरोबर असायचे.

मग एका वर्षी दुबई ठरली.

मोहन तर पोरासारखा खूश. त्याची अदी, म्हणजे मोठी बहीण, लग्न होऊन तिकडेच स्थायिक झालेली. वसंताला तिने फक्त फोटोत पाहिलेलं.

वसंता म्हणाला, "मी येणार नाही. आमचं नातं तिकडे गुन्हा आहे."

"आरं, कोन इचारतंय तुमाला?" काशिनाथ म्हणाला. "दोन म्हातारी मानसं एका रूममदी. चार दिस भाडेकरू म्हनून सांगायचं. काय जातंय?"

काशिनाथच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. दोघांना न्यायचंच, एवढंच त्याच्या डोक्यात.

वसंता हळूच म्हणाला, "काशा, तीस वर्षं मी ती ओळ चुकीची म्हणत आलो रे. आता कुठे बरोबर यायला लागलीय."

मोहन चिडला. "तू कायद्याचं बोलतोस, मी अदीचं बोलतोय. घुटने गेलेत तिचे. तुला कधी बघणार ती?"

"तू जा ना. बहीण तुझी आहे. पण मी तुझा घरमालक होऊन तिच्या पाया पडणार नाही."

मोहन आमच्याबरोबर आला. सगळ्या फ्लाइटभर खिडकीबाहेर बघत होता.

मला तेव्हा वसंता हट्टी वाटला होता. थोडासा अजूनही वाटतो. तिकडेही अशी माणसं राहत असतीलच ना, गुपचूप? कोणीच गेलं नाही, तर त्यांना भेटणार कोण? हे मी त्याला विचारायचं राहूनच गेलं.

दुबईत अदीने दार उघडलं आणि आधी मोहनच्या मागे पाहिलं.

"वो नहीं आया?"

मोहनने खरं कारण सांगून टाकलं. आम्ही सगळे गालिच्याकडे बघत बसलो.

म्हातारीने मोहनला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाली, "अच्छा किया. पड़ोसवाले पूछते, तो झूठ मुझे बोलना पड़ता. अब मैं ही आऊँगी."

आणि आली की. त्याच थंडीत.

वसंताचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून काशिनाथच्या दोन मुलांनी आणि आम्ही तिला वर नेलं. जिन्याच्या वळणावर काशिनाथ ओरडत होता, "तिरपी घ्या, कठड्याकडं तिरपी!" आणि वर अदी खुदुखुदु हसत होती.

वसंता दारात उभा. पाया पडायला वाकला, तर तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"मेरा भाई किराया टाइम पे देता है ना?"

वसंताने चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिला.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी तो गेला. सकाळचा चहा घेता घेता.

त्या जिन्यात तिरडी वळत नाही. म्हणून ती खाली बांधली आणि वसंताला आम्ही हातांवर उतरवलं. त्याच वळणावर काशिनाथ म्हणाला, "तिरपं घ्या." या वेळी ओरडून नाही.

खाली मडक्याचा प्रश्न आला. मडकं धरून पुढे चालायचं ते सगळ्यात जवळच्या माणसाने.

तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "पुतण्या आलाय ना त्यांचा? भाडेकरू कसा धरेल?"

काशिनाथ वळला.

"कोन भाडेकरू?"

त्याने मडकं उचललं आणि मोहनच्या हातात दिलं. पुतण्याने वाकून मोहनच्या चपला बाजूला ठेवल्या.

मोहन पुढे अनवाणी. मागे आमच्या खांद्यावर तू.

वसंता, ती ओळ आता सगळ्या कट्ट्याला पाठ आहे.

मोहनला आम्ही रोज चहाला घेऊन येतो. काळजी करू नकोस.

तुला आम्हा सगळ्यांचा मनापासून निरोप, मित्रा.