कमरेला खोचलेला फ्यूज

माझी आई सोलापूरची. लग्नाआधी तिला इडली माहीत होती ती स्टेशनजवळच्या हॉटेलातली. पण मी कॉलेजात गेले तोवर वेस्ट मांबलममधल्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या इडल्या तिच्या पिठाच्या होत असत. इडली-डोशाच्या दळलेल्या पिठाला इकडे तमिळमध्ये मावू म्हणतात. सकाळी बायका आपापले स्टीलचे डबे आमच्या ओट्यावर ठेवून जायच्या आणि संध्याकाळी भरलेले घेऊन जायच्या. स्वयंपाकघराच्या मागे, न्हाणीला लागून एक मोठा ग्राइंडर होता. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, घर त्यांच्या पगारावर चालायचं. माझं कॉलेज मात्र बरंचसं त्या ग्राइंडरवर चालायचं.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग निवडलं, म्हणजे नक्की काय निवडलं, हे घरात कुणालाच, खरं तर मलाही, नीट माहीत नव्हतं. आईने गल्लीत सांगून टाकलं होतं की मुलगी करंटचं शिकते.

मी तिसऱ्या वर्षाला असताना, २००८च्या सुमारास, रोज दुपारी वीज जाऊ लागली. दळणाची वेळ नेमकी तीच. तेव्हा वडिलांचे ऑफिसातले मित्र मदतीला आले. तेही सोलापूरकडचे, मी त्यांना काका म्हणायची. त्यांनी एका मांडववाल्याकडून जुना जनरेटर मिळवून दिला आणि जोडूनही दिला. घरातली सगळी वायरिंग त्यांच्याच हातची होती. पंखा, मिक्सर, दिवाळीची माळ, काही बिघडलं की ते यायचे, स्क्रूड्रायव्हर काढायचे आणि काम झालं की चहा-पोहे खायचे. परमुलखात आपल्या भाषेत बोलत काम करणारा माणूस मिळाला होता. त्याला हे काम येतं का, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही.

मग ग्राइंडर शॉक देऊ लागला. आईने कुणाला सांगितलं नाही. ती रबरी चप्पल घालून, पाटावर उभी राहून दळायची. एका दुपारी तिचा ओला हात ग्राइंडरला लागला आणि ती मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. शेजारीण ओरडली म्हणून आम्हाला कळलं. कोपर चांगलंच खरचटलं होतं. तिला काळजी डब्यांची होती. कोपऱ्यावरच्या दुकानात तयार मावूची पाकिटं येऊ लागली होती. ग्राइंडर आठवडाभर बंद राहिला तर गिऱ्हाईक तिकडे वळेल आणि परत येणार नाही, असं तिला वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

मी घरी पोचले तेव्हा तिने पाना आणि टेस्टर काढूनच ठेवले होते.

"तू शिकायलीस की हेच. उघड आणि बघ."

ओट्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी ग्राइंडर उघडला नाही. मला येत नव्हतं. कॉलेजात आम्ही मोटरची समीकरणं सोडवायचो, लॅबमध्ये आधीच जोडून ठेवलेल्या तारांवरचे आकडे लिहून घ्यायचो. मी खाली मान घालून तेवढं सांगितलं. आईने टेस्टर जरा जोरातच खाली ठेवला.

मात्र बघायला मला येत होतं. मी बघत बघत मागच्या दाराशी ठेवलेल्या जनरेटरपर्यंत गेले. त्याच्यापासून निघालेल्या वायरच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघराच्या सॉकेटमध्ये. काकांनी जनरेटरचा करंट सॉकेटमधून उलटा सगळ्या घरात सोडला होता. अट एकच, आधी मेन स्विच बंद करायचा. आमच्या सरांनी वर्गात अगदी हेच फळ्यावर काढलं होतं. मेन बंद करायला विसरलं की करंट रस्त्यावरच्या तारांत जातो, आणि तिथे खांबावर कुणी काम करत असतो.

मी ती वायर आणून आईसमोर धरली. म्हटलं, जनरेटर चालू असताना एक टोक सॉकेटमधून निसटलं आणि तू उचलायला गेलीस, तर या उघड्या पिनांत पूर्ण करंट असेल. मला दुरुस्त करता येत नाही, पण दुरुस्त करणारा लायसन्सवालाच हवा. काका नकोत.

वडिलांनी संध्याकाळी आल्यावर सगळं ऐकून घेतलं. "त्याला काय तोंड दाखवू मी?" एवढंच म्हणाले. मी त्यांना उलट कधी बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून माणूस शोधायला गेले.

मांबलम स्टेशनबाहेरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांपाशी कारागीर उभे असतात. मी पहिल्याला तमिळमध्ये विचारलं, लायसन्स आहे का? तो म्हणाला, "लायसन्स गाडीला लागतं, मा. मी चालत येईन." बाकीचे हसले. दुसऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघून घरात मोठं कुणी नाही का, असं विचारलं. मी घरी परतायच्याच बेतात होते. तेवढ्यात दुकानदाराने आत बसलेल्या एका माणसाकडे बोट केलं. इस्त्रीचा शर्ट, जाड चष्मा. माझा प्रश्न ऐकून त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं लायसन्स काढलं आणि माझ्या हातात दिलं. मला ते वाचायला संकोच वाटत होता, पण मी वाचलं. मग अर्थिंग तपासाल का, जनरेटर आणि बाहेरची लाइन एकत्र होऊ न देणारा चेंजओव्हर स्विच बसवाल का, असंही अडखळत विचारलं.

"एवढी वर्षं काम करतोय," तो दुकानदाराला म्हणाला, "पण गिऱ्हाइकाने मला इंटरव्ह्यूला बसवलं ते आजच."

तो पूर्वी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि हे त्याने आमच्या घरापर्यंतच्या वाटेत बऱ्याचदा सांगितलं. आल्या आल्या मेन बंद केला, पांढरा चिनी मातीचा फ्यूज उपटला आणि तो आईच्या हातात ठेवला. तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, मी स्वतः येऊन मागेपर्यंत हा कुणाला द्यायचा नाही. तुमच्या मुलीलासुद्धा नाही." आईने तो पदरात गुंडाळून कमरेला खोचला. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी तुटक बोलत होती.

मी मागे टॉर्च धरून बसले. त्याने ग्राइंडरचं सॉकेट उघडलं. तिसऱ्या, मोठ्या भोकाच्या मागे अर्थची वायरच नव्हती. जनरेटरचा वेगाचा स्क्रूही फार पुढे फिरवलेला होता. बल्ब जास्त उजळावा म्हणून असणार. त्या वाढीव व्होल्टेजने ग्राइंडरची मोटर तापून आतलं इन्सुलेशन जळलं होतं आणि करंट बाहेरच्या पत्र्यात उतरत होता. जनरेटर सुरू करून तो स्क्रू हळूहळू मागे घेत होता आणि मी मीटर वाचून सांगत होते. "थांबा," मी म्हटलं आणि तो थांबला. माझ्या शब्दावर खरं यंत्र थांबण्याची ती पहिली वेळ. मग त्याने जनरेटर बंद केला, नव्या स्विचसाठी भिंतीतल्या तारा सोलल्या आणि तोंडाने सारखं म्हणत राहिला, हे केलं कुणी? आणा त्याला माझ्यासमोर.

आणि काका आले. ड्यूटी संपवून, नेहमीसारखे चहाला. गल्लीत करंट परत आला होता, शेजारचा पंखा फिरत होता आणि आमच्याच घरातला बंद. त्यांना वाटलं, फ्यूज गेला. बोर्डाशी गेले तर फ्यूजची जागाच रिकामी. त्यांनी खिशातून तारेचा तुकडा काढला. हे सगळं मला नंतर कळलं; तेव्हा मागे बसून दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"वहिनी, मिनिटात लावतो बघा."

"भावजी, हात लावू नका."

"अवो, सगळं घर माझ्या हातचं हाय."

"हाय की. म्हणून तर बोर्डासमोर उभी राहिलेय. माझ्या लेकीनं माणूस आणलाय, त्याच्या हातात तारा हायेत. तो येऊन मागंल तवाच फ्यूज मिळंल."

माझ्या शेजारच्या माणसाला मराठी कळत नव्हतं, पण "फ्यूज" कळलं. त्याने हात तारांवरून काढून घेतले आणि उठला. आम्ही दोघं पुढे आलो तेव्हा आई बोर्डाला पाठ लावून उभी होती, एक हात कमरेवर. काकांच्या हातात तो तारेचा तुकडा. इलेक्ट्रिशियनने आधी तुकडा पाहिला, मग काकांना, आणि आईला विचारलं, "वायरिंग केली ती यांनीच का?"

काकांना तमिळ चांगलं कळायचं. त्यांची मान खाली गेली. आई आपल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाली, "हे माझे भाऊ. चहाला आलेत." आणि करंट नसला तरी गॅस आहे, असं म्हणून चहा टाकायला आत गेली.

काम संपायला संध्याकाळ झाली. ग्राइंडरची जळलेली मोटर त्याने दुकानातून नव्या तारेने भरून आणली, त्याला मात्र काही दिवस लागले. तोवरचे दिवस आई पहाटे उठून शेजारणीच्या छोट्या ग्राइंडरवर थोडं थोडं दळत राहिली आणि एकही डबा रिकामा परत गेला नाही. मोटर बसली तेव्हा त्याने ग्राइंडरला टेस्टर लावला, मीटर लावला, आणि मग बाजूला होऊन मला म्हणाला, आता तू तपास. मी तपासलं. त्यानंतरच त्याने आईला हात लावू दिला.

पहिलं दळण झालं त्या रात्री वडिलांनी काकांना डोसे खायला बोलावलं. वडील इकडचं तिकडचं बोलत राहिले. हात धुऊन आल्यावर काकांनी ताटावर बसलेल्या मला हळूच विचारलं, तो तुझा लायसन्सवाला आमच्या क्वार्टरमधला गीझर बघंल काय? तुझी काकू भिते त्याला.

मी म्हटलं, बघतील की. पण तोवर काकूला गीझर लावू देऊ नका. आणि त्यांच्यासोबत मीही येईन, आधी काय काय विचारायचं ते मला माहीत आहे.

"ये," काका म्हणाले. आत आई तव्यावर पुढचा डोसा पसरत होती. तिने तो माझ्या ताटात वाढला. मी नको म्हणत असतानाच.