रुद्रप्पाची एक कमी मोजणी

मला लिहिण्याची सवय नाही. रुद्रप्पाबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे का, हेही ठाऊक नाही. पण त्या दिवशी कागदावर त्याच्या अंगठ्याशेजारी माझी सही होती, म्हणून लिहितो.

रुद्रप्पा धनगर. अक्कलकोटकडच्या एका माळावर अकरा वर्षे रोजंदारीवर राखण करतो. घरात कानडी, आमच्याशी मराठी. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. माळढोकांच्या वार्षिक मोजणीला हौसेने जातो. माळढोक म्हणजे गवतात चालणारा, उंच मानेचा मोठा पक्षी. आता मोजकेच उरलेत.

मोजणी गवताच्या आडोशातून, दोघांनी मिळून. पश्चिमेची बाजू माझी, पूर्वेची त्याची. निघण्याआधी मोजणीचं काम पाहणाऱ्या अंकिता मॅडम मला म्हणाल्या होत्या, "काका, गेल्या वर्षी एक होता. यंदा शून्य आलं तर इथून नाहीसा झाला असंच लिहावं लागेल. मग राखण ठेवायला कारणही उरणार नाही."

नऊ वाजेपर्यंत मला टिटव्याच दिसल्या. रुद्रप्पाला विचारलं.

"न्हाय मास्तर. कायच न्हाय."

मी शून्य लिहिलं. सही केली, शेजारी रुद्रप्पाने अंगठा उठवला. मॅडमनी कागद घेतला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

परतताना बांधावर तंबाखू मळत रुद्रप्पा सहज म्हणाला, "आज लई जवळ आली हुती की."

"कोण?"

"मादी. बाभळीखाली उभारली हुती."

"अरे, मग नाही का म्हणालास?"

"आमी एक कमीच सांगतो की. चाळीस मेंढरं असली तर एकुणचाळीस. खरा आकडा बोलला की नजर लागती. अव्वानं शिकवलंय." अव्वा म्हणजे त्याची आई.

"म्हणजे गेल्या वर्षी?"

"दोन हुत्या."

"त्याच्या आधी?"

"तीन. तुमी दोन लिवल्या." त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी मात्र अकरा वर्षांचे कागद मनात चाळत होतो. त्यातल्या सहांवर माझी सही.

मी त्याला शून्याचा अर्थ सांगितला. त्याच्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

आम्ही जवळजवळ पळतच परत आलो. मॅडम जीपमध्ये बसत होत्या. सगळं ऐकून त्यांनी कागद बॉनेटवर पसरला. "रुद्रप्पा, तुम्हीच सांगा. किती?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

"बोल की रे," मी म्हणालो.

"तुमाला काय जातंय बोलायला मास्तर! तुमची मेंढरं न्हाईत." मग तो माळाकडे पाठ करून उभा राहिला आणि पुटपुटला, "एक."

"नीट ऐकू नाही आलं," मॅडम म्हणाल्या.

"एक हाय की वो!" तो ओरडला आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मॅडमनी बाभळीखाली जाऊन ताजी पावलं पाहिली, फोटो घेतले आणि शून्य खोडलं.

तेव्हापासून रुद्रप्पा उजाडताच बाभळीकडे जातो आणि मला फोन करतो. आकडा सांगत नाही. "हाय," एवढंच म्हणतो आणि ठेवतो. सातच्या आत फोन येतोच.

माझा नजरेवर विश्वास नाही. निदान नव्हता. आज साडेदहा झालेत, फोन नाही. त्याच्याकडे रेंज नसेल. मी दोनदा लावून पाहिला. आता अक्कलकोटची एसटी किती वाजता आहे ते विचारायला निघालोय.