रोज एक चमचा काढा

गिऱ्हाइकानं नको म्हणायच्या आत पुडी त्याच्या पिशवीत गेलेली असायची, ही माझी काढा विकायची पद्धत. धाड गावच्या आठवडी बाजारात आमच्या बचत गटाचं दुकान म्हणजे एक ताडपत्री, एक वजनकाटा आणि माझं तोंड. कोरोना येऊन गेला, प्रतिकारशक्ती हा शब्द जो तो वापरायला लागला, तेव्हापासून मी गुळवेल, सुंठ, मिरे कुटून भुकटी करायचे. पुडीवर छापलं होतं, ‘रोज एक चमचा, आजार दारातूनच परत’. वाक्य माझं. गटातल्या बायका म्हणत होत्या, नुसतं ‘काढा’ लिहू. मी ऐकते होय.

आमच्याकडे कोणी आजारी पडलं की भेटायला जावंच लागतं, आणि रिकाम्या हातानं जाऊन चालत नाही. मी पुडी न्यायचे, वर सल्ला द्यायचे. आजारी माणसानं तोंड वाकडं केलं तर त्याच्या घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचे, “त्याले काऊन विचारता? च्यात टाकून द्या ना. कळत बी नाही.” हे मी इतक्यांदा सांगितलंय की माझ्या थोरल्या जाऊबाईंना ते पाठ झालं होतं. आमचं अंगण एक, चुली दोन. त्यांच्याशी माझं लग्न झाल्यापासून पटत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत आले.

आधी मला दम लागायला लागला. मग मांड्यांवर, दंडांवर निळे डाग दिसायला लागले. कुठं आपटले ते आठवेना. मी स्वतः रोज घ्यायचे तो काढा दोन चमचे केला. दात घासताना रक्त आलं तेव्हा तीन. शेवटी नवऱ्यानं बुलढाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं आणि सरळ संभाजीनगरला पाठवलं. तिथं माझ्या कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासायला काढला. इतकी वर्षं लोकांना ‘हाडं मजबूत होतात’ असंही सांगत होते, ते त्या टेबलावर पालथी पडल्यावर आठवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला शांत. म्हणाल्या, “ताई, रक्त हाडाच्या आत, मगजात तयार होतं. तुमचा मगज जवळजवळ रिकामा झालाय. नुसती चरबी उरलीय.”

मी म्हटलं, “मंग बीट खातो, खजूर खातो.”

“त्यानं होणार नाही. रक्ताचं बियाणं म्हणावं अशा काही पेशी मगजात असतात. तुमच्याच अंगातल्या पांढऱ्या पेशी, ज्यांनी रोगजंतूंशी लढायचं, त्या ह्या बियाण्याला शत्रू समजून मारतायत. असं का होतं ते बऱ्याचदा कळत नाही.”

“म्हणजे माही प्रतिकारशक्ती कमी पडली?”

“नाही. ती घरावरच उलटलीय. आपल्याला तिला दाबायचंय.”

राखणीला ठेवलेल्या कुत्र्यानं घरच्याच कोंबड्या फस्त कराव्या, तसं झालं होतं. आणि मी त्या कुत्र्याला रोज तीन चमचे खुराक देत होते. मला हसू आलं, मग रडू आलं. नवरा बिचारा काय करावं ते न कळून नुसता पाण्याची बाटली धरून उभा राहिला.

आधी सलाइनमधून एक औषध दिलं. ते घोड्याच्या रक्तापासून करतात, त्या पिसाळलेल्या पेशींचा बंदोबस्त करायला. त्यानंतर कॅप्सूल, त्याही त्या पेशींना दाबून ठेवायला. काढा बंद, भेटायला येणारे बंद, तोंडाला मास्क, वेगळी खोली. गुण यायला महिने लागतील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोवर अंगात दुसऱ्याचं रक्त भरत राहायचं. गुण आधी कुठं आला म्हणाल तर माझ्या वरच्या ओठावर. त्या कॅप्सूलनं केस वाढतात. मला चांगली मिशी फुटली. नवऱ्यापेक्षा दाट होती, त्यामुळे तो विषय त्यानं कधी काढला नाही.

मला भीती वाटत होती. दिवसभर सगळ्यांवर खेकसायचे, पण खरं म्हणजे मला मरायचं नव्हतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर जेवण नवरा करायचा. सकाळ-संध्याकाळचा चहा जाऊबाई उंबऱ्यावर ठेवून जायच्या, बोलायच्या नाहीत. औषधांनी माझ्या तोंडाची चव गेली होती. सगळंच कडू लागायचं, चहाही.

रक्ताचे आकडे जरा वर सरकायला लागले आणि एका रिपोर्टात लिव्हर बिघडलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “बाहेरचं काही घेताय का?” मी चवताळले. म्हटलं, “पानी बी उकळून पेतो मी.” त्या म्हणाल्या, “औषधाचा डोस कमी करतेय. लिव्हर असंच राहिलं तर औषध बंद करावं लागेल. मग त्या पेशी पुन्हा मोकळ्या सुटतील.” परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. नवरा म्हणतो, तेव्हा तो सगळ्यात जास्त घाबरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सकाळच्या चहाचा रिकामा कप परत द्यायला मी मास्क लावून स्वतःच जाऊबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात गेले. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. चहा उकळत होता. त्यांनी डब्यामागून पुडी काढली, चमचा भरला आणि पातेल्यात टाकला. पुडी मी लांबूनच ओळखली. वाक्य माझं होतं ना.

“बाई, ह्ये काय करून राह्यल्या?”

त्या दचकल्या. “तुह्यासाठीच टाकून राह्यली वं. तू दवाखान्यातून आल्यापासून टाकतो.”

“डॉक्टरनं बंद सांगतला होता ना.”

“डॉक्टर तं सगळ्यालेच बंद सांगते. तूच तं बाजारात म्हने, च्यात टाकून द्या, कळत बी नाही.”

आणि खरंच मला कळलं नव्हतं. गुळवेल वासावरून ओळखते म्हणून मिरवणारी मी, स्वतःचाच काढा दोन्ही वेळा पीत होते. मी लिव्हरचं सांगितलं, औषध बंद पडायची वेळ आलीय म्हणून सांगितलं. जाऊबाईंनी पातेलं उचलून सगळा चहा मोरीत ओतला. म्हणाल्या, “म्या मारलं तुले.”

मला राग यायला हवा होता. राग हा माझा हातखंडा. पण त्या हातातला चमचा पुन्हा पुन्हा पदराला पुसत होत्या, आणि मला ते बघवेना.

“मले मारायले तुमी कशाले पाह्यजेत, बाई?” मी म्हटलं. “ते काम माह्या आंगातलेच करून राह्यले.”

“मले वाटे, तू गेली तं मी भांडू कोनाशी?” त्या पदरात तोंड घालून रडल्या. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून रडले. मास्क ओला झाला.

त्यांनी चहा देणं सोडलं. माझ्या दारासमोरून जाताना मान खाली घालायच्या. लिव्हर सुधारलं तसा डॉक्टरीणबाईंनी डोस पुन्हा वाढवला, आणि आकडे हळूहळू चढत गेले. पुढं एकदा त्यांनी रिपोर्ट बघून सांगितलं, “ताई, आता बाहेरचं रक्त भरायची गरज नाही. तुमचं तुम्ही तयार करताय.” औषध अजून चालू आहे आणि मिशीही.

त्या दिवशी घरी आले ती सरळ जाऊबाईंच्या दारात बसले आणि चहा मागितला. त्यांनी चुलीवरचं पातेलं माझ्या समोर आणून दाखवलं, आत नुसतं पाणी होतं. मग साखरेचा डबा उघडून दाखवला. मग पत्तीचा. मग दूध. एकेक वस्तू माझ्या डोळ्यांपुढं धरायच्या आणि मी मान हलवली की मगच टाकायच्या.

चहा प्यायले. चव परत आली होती.

“साखर कमी हाय,” मी म्हटलं. “लग्नापासून पाहून राह्यली, तुमाले साखर टाकायले जीवावर येते.”

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि भांडायला बसल्या.