जानेवारीतली ग्रामसभा

पन्नाशी उलटल्यावर मी राज्यशास्त्र शिकायला बसलो, तेव्हा गावाला हसू आलं. पाच वर्षं सरपंचकी केलेला माणूस आता सरकार कसं चालतं ते पुस्तकात वाचणार. खरं तर सरपंच मी कधीच नव्हतो. पद बाईसाठी राखीव होतं आणि निवडून आली होती माझी बायको. खुर्चीवर मात्र मी बसायचो. ती शेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पदर सावरत. गाव मला सरपंच म्हणायचं आणि तिला वहिनी. अजूनही कुणी "राम राम सरपंच" म्हणालं की माझी मान आपोआप हलते.

घरात आता मी एकटाच असतो. मुदत संपली तशी बायको लेकीच्या बाळंतपणाला भिंगारला गेली. नात रांगायला लागली, चालायला लागली, बालवाडीत जायला लागली. बायको परत आली नाही. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर लोकांना सांगायला तरी काही असतं. संध्याकाळी मी माझ्यापुरत्या भाकरी थापतो. एखादी बरी होते, एखादी करपते. मग टीव्ही लावतो, बघत नाही, नुसता आवाज असू देतो.

बाहेरून बीएला नाव घातलं. रविवारी नगरला वर्ग भरतो. पाथर्डीकडून येणारी एसटी करंजीचा घाट ओलांडून भिंगारवरून पुढं जाते. भिंगारला गाडी थांबली की मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायचो, उतरायचो नाही. अभ्यास हे सांगण्यापुरतं होतं. नाव घातलं ते त्या थांब्यासाठी. हे आजवर कुणाला बोललो नाही.

शिकवायला मॅडम होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, सत्ता आणि अधिमान्यता. ज्याचा शब्द चालतो त्याच्याकडे सत्ता, इतकं साधं. पण ज्यांच्यावर तो शब्द चालतो त्यांनाही मनातून वाटलं पाहिजे की याला तो हक्क आहे. ती अधिमान्यता. नुसत्या सत्तेपुढं माणसं मान खाली घालतात, एवढंच.

मग त्यांनी मला विचारलं, "काका, तुमच्या गावात सत्ता कोणाकडे?"

"सरपंचाकडं."

मागं दूध डेअरीत कामाला असलेला एक गडी बसायचा. तो म्हणाला, "मॅडम, बाई सरपंच असंल तर तिच्या मालकाकडं." वर्ग हसला. मीही हसलो. हसणं भागच होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर ग्रामसभेचा धडा आला. विधानसभेत आपल्या वतीनं दुसरं कुणी बसतं. ग्रामसभेत आपण स्वतः बसतो, कारण गावचा प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. मॅडम हे सांगत होत्या तेवढ्यात डेअरीवाल्यानंच विचारलं, "आन् ऊसतोडीला गेलेल्यांचं काय?" मॅडमनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. तुम्हीच सांगा." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. याचं उत्तर त्या खोलीत मला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

आमच्या गावाला पाण्याची टाकी मंजूर झाली होती. जागा ग्रामसभेत ठरायची होती. माळावर, वरच्या वस्तीजवळ बांधली असती तर उतारानं सगळ्या गावाला पाणी मिळालं असतं. खाली आमच्या आळीजवळ बांधली तर वर चढणार नव्हतं. पण खाली बांधली की पाणी आधी आम्हाला, आणि चावीही आमच्या हातात. वरची वस्ती दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्यांकडं जाते. दारांना कुलपं लागतात, मागं म्हातारी माणसं राहतात. विषय एक मेच्या सभेत घेता आला असता. तोवर लोक परतलेले असतात. मी तो सव्वीस जानेवारीला घेतला. मुद्दाम घेतला. झेंडावंदन झालं, लागतात तेवढी डोकी जमली, कायद्यानं सभा पक्की होती.

तेव्हा बायको उभी राहिली. सभेत पहिल्यांदाच. म्हणाली, "ह्यो इषय मे म्हैन्यात घेऊ. वरची मान्सं यिऊ द्या."

मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "बस खाली. तुला काय कळतं यातलं?"

लोक हसले. ती बसली. नंतर ती सभेत बोलली नाही, आणि घरात लागेल तेवढंच बोलली. टाकी खाली झाली.

ग्रामसभेचा धडा झाला त्या रविवारी वर्ग सुटल्यावर परतीच्या गाडीतून मी भिंगारला उतरलो. बायको लेकीच्या दारात कोथिंबीर निवडत बसली होती.

"आज हिकडं कसं?"

"वर्गाला आलो होतो. दर रविवारी येतो."

"ठावं हाय. लेक म्हनत हुती, आण्णा साळंत जात्यात. काय शिकवत्यात?"

"ग्रामसभा."

"मग तुमीच शिकवा की त्यास्नी."

मी उभाच होतो. म्हणालो, "टाकीचा विषय मी मुद्दाम जानेवारीत घेतला. वरची माणसं नसताना."

"तवाच कळलं हुतं मला. उगं उभी ऱ्हायले व्हय?"

"चुकलं माझं."

"मला काय सांगता? माझ्या घरचं पानी तुटलं का?" तिनं पिवळी पानं बाजूला काढली. "आन् त्या दिशी बसवलं खाली, त्ये लागलं. लई लागलं. पर त्ये निराळं."

मी म्हणालो, "घरी चल."

"न्हाई. घरी न्हाई येनार." तिनं निवडलेली कोथिंबीर ताटात टाकली. "एक मेला सभा आसती ना? तिला यीन. मतदार हाय मी तितली, अजून."

"मी न्यायला येतो."

"नगं. सभेलाबी यिऊ नका. तुमी असला की मान्सं तुमच्याकडं बघत्यात."

एक मेला मी घरी बसून राहिलो. शाळेच्या पटांगणातला कर्णा आमच्या आळीपर्यंत ऐकू येतो, पण वारा उलटा होता. आधी ग्रामसेवकाचा आवाज आला, मग तिचा. शब्द कळत नव्हते. बराच वेळ बोलली. मधे कुणी तिला थांबवलं असावं, कारण आवाज तुटला. मी ताडकन उभा राहिलो, चपलाही घातल्या. मग तिचाच आवाज पुन्हा सुरू झाला. पहिल्यापेक्षा मोठा.

चपला तशाच पायात ठेवून मी बसलो. सभा संपली. वरच्या वस्तीच्या बायका दारावरून बोलत गेल्या. काय ठरलं ते विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात कळलं की माळावर वेगळी टाकी मागायची, असं ठरलंय. मिळेल तेव्हा मिळेल.

सभेच्या दिवशीच, तिला भिंगारला परत नेणारी भाड्याची जीप आमच्या बोळाच्या तोंडावरून गेली. थांबली नाही. थांबायचं असं काही ठरलंच नव्हतं.