सिग्नेचं बाळंतपण आणि बेरेंटचे कॅन

हर्मीन नायलांडला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द लिहावा लागला असेल, तर तो 'नाही'. आणि तो इतक्या गोड भाषेत लिहायचा, की वाचणाऱ्याला आपण 'हो'च ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे.

तिचं कामच तसं होतं. युरोपातल्या प्राणीबागांमध्ये जेवढी म्हणून पांढरी अस्वलं आहेत, त्यांतल्या कुणी कुणाबरोबर नांदायचं आणि कुणी कुणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हे ती ठरवायची. अस्वल ज्या बागेचं, त्याच बागेचं राहायचं. विकणं नाही, विकत घेणं नाही. नुसतं एकमेकांकडे मुक्कामाला पाठवायचं. पण प्रत्येक संचालकाला आपलंच अस्वल जगात देखणं वाटतं, आणि पिल्लू झालं की फाटकावर रांग लागते हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे पिल्लू सगळ्यांना हवं असतं. ही दोन चुलत भावंडं आहेत, त्या नराची आधीच पाच पिल्लं आहेत, तुमच्याकडचा हौद लहान आहे, असं सांगून त्यांची समजूत काढता काढता हर्मीनचे केस पिकले. पगार तिला बागेच्या दुसऱ्याच कामाचा मिळायचा. अस्वलांचा हा पसारा ती त्याच पगारात सांभाळायची. तिची खोली मासे ठेवायच्या शीतघराच्या वर होती, त्यामुळे तिच्या कोटालाही कायम हेरिंगचा वास.

तिची बाग ज्या एल्सब्रूक गावात होती, तिथे तिची थट्टा चालायचीच. बेकरीत कुणी ना कुणी विचारायचं, "काय हर्मीन, यंदा किती लग्नं जमवलीस?"

"चार जमवली, नऊ मोडली," असं म्हणून ती पाव काखेत मारायची आणि निघायची.

यंदा मात्र एका लग्नात तिचा जीव अडकला होता. सिग्ने नावाची मादी डेन्मार्कहून आली होती. तिच्या आईचं दुसरं एकही पिल्लू जगलं नव्हतं, म्हणजे ते सगळं घराणं या एकटीवर येऊन थांबलं होतं. तिकडे सिग्ने दोनदा बाळंत झाली होती, दोन्ही वेळा आठवडाभरात पिल्लं गेली. एकदा तर बाळंतखोलीच्या पलीकडे रस्ता खणत होते. पांढऱ्या अस्वलिणीला बाळंतपणात माणूस नको, उजेड नको, आवाज तर मुळीच नको. बिनसलं की ती पिल्लांकडे पाठ फिरवते, किंवा त्याहून वाईट करते. बागांच्या समितीचं म्हणणं होतं, आता पुरे, हिला थांबवू या. हर्मीन हट्टाला पेटली. एकदाच, शेवटचं, आणि आमच्या बागेत, आमच्याच नराबरोबर, कारण आमच्याइतकी शांत जागा कुणाकडेच नाही. तिच्या मैत्रीतल्या संचालकांनीही तोंडावर सुनावलं, "आपल्याच पोळीवर तूप ओढतेस." तिनं ते ऐकून घेतलं, आणि यंदा जमलं नाही तर सिग्नेचं नाव पुन्हा काढणार नाही असा शब्द देऊन बसली.

डिसेंबरच्या सुरुवातीला सिग्ने बाळंत झाली. खोलीत फक्त एक मायक्रोफोन होता. अस्वलं सांभाळणारा योप आणि हर्मीन माशांच्या खोलीवर बसून ऐकत. पिल्लू दुधाला लागलं की एक घरघर सुरू होते, लांबवर एखादी मोटारसायकल चालू ठेवल्यासारखी. ती घरघर चालू आहे तोवर सगळं ठीक. पिल्लू आईमागून बाहेर येईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, हा तिच्या धंद्यातला सगळ्यात कडक नियम. मार्चपर्यंत तोंडाला कुलूप.

एकदा दुपारी योप वाटाण्याच्या सुपात पाव बुडवता बुडवता म्हणाला, "बेरेंट यंदा चौदा कॅन लावतोय म्हणे."

हर्मीनच्या हातातला चमचा तसाच राहिला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी एल्सब्रूकमध्ये दुधाचे मोठे कॅन आडवे मांडतात, आत कार्बाइडचा खडा आणि थोडं पाणी, झाकण ठोकून बसवायचं आणि मागच्या भोकाला पलिता लावायचा. जो काही बार उडतो, त्यानं खिडक्यांची तावदानं हलतात आणि म्हाताऱ्यांचे चेहरे फुलतात. बेरेंट स्कोपिंकच्या कुरणात हे त्याच्या आजोबांपासून चालत आलेलं, आणि अस्वलांचं नवं घर त्याच कुरणाच्या कुंपणाला टेकून बांधलेलं. जागा तपासताना हर्मीननं रस्ता मोजला, रेल्वे मोजली, विमानं मोजली. बेरेंटचे कॅन मोजले नाहीत. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. तिच्या लेखी तो आवाज नव्हताच, तो सण होता. परक्या गावची कुणी बाई असती तर पहिल्याच दिवशी तिनं हे विचारलं असतं.

घाबरलेलं माणूस हाताशी असेल ते हत्यार उचलतं. हर्मीननं बागेच्या शिक्क्याचं एक छापील पत्रक काढलं. 'संवेदनशील प्राण्यांच्या हितासाठी कुंपणालगत मोठे आवाज करू नयेत, अशी शिफारस करण्यात येत आहे.' बुडापेस्टपासून एडिनबरापर्यंत तिच्या शिफारशीला मान होता. तिनं पत्रकं कुरणालगतच्या घरांच्या पेट्यांत टाकली. एक बेरेंटच्या पेटीतही टाकलं. बेरेंट तिच्या भिंतीला भिंत लागलेला शेजारी, शाळेत तिच्या बाकावर बसलेला.

दुसऱ्या दिवशी कुरणात सोळा कॅन दिसले. नवे दोन पांढऱ्या रंगानं रंगवलेले आणि त्यांना काळे कान काढलेले.

बेकरीत बेरेंटची बायको मीना भेटली. तिनं सगळ्या रांगेसमोर विचारलं, "का गं, आमचं मागचं दार काय विटांनी बुजवलंय?"

"मीना, ते नियमानुसार..."

"नियमानुसार! तुझी आई पडली तेव्हा बेरेंट आला तो काय शिक्का मारून आला होता? परवापासून जेवताना ते पत्रक मोठ्यानं वाचतोय. तोंडात घास असला तरी वाचतो."

हर्मीन घरी आली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. पुढचं दार लग्नाला आणि मयताला, एरवी शेजारी मागच्या दारानं येतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. घरात मूल झालं की पहिल्या शेजाऱ्याला आधी सांगायचं, मग सगळ्या जगाला. तो बाळंतिणीच्या घरची गुरं बघतो, लाकडं फोडतो, चार दिवस तिच्या दारात आवाज होऊ देत नाही. तिला सगळं ठाऊक होतं. आणि तिनं नेमकं उलटं केलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं तोंडाला लावलेलं कुलूप काढायचं ठरवलं.

मागच्या दारात लाकडी जोडे काढून ती आत गेली तेव्हा बेरेंट टेबलाशी कॉफी पीत होता. त्यानं मान वर केली नाही.

"शिफारस आलेली दिसते," तो मीनाला म्हणाला. "तिला कॉफी द्यायची का, पत्र पाठवून विचार."

"बेरेंट, मी गाढव आहे."

"हे छापून का नाही दिलंस?"

"ऐक तर. सिग्ने बाळंत झालीय."

कप बशीवर टेकला. मीनानं हातातला चमचा खाली ठेवला.

"कधी?" बेरेंटनं विचारलं.

"महिन्याच्या सुरुवातीला."

"महिन्याच्या सुरुवातीला!" आता मात्र तो खरोखर चिडला, पत्रकावर चिडला नव्हता इतका. "माझ्या कुंपणाला टेकून बाळंतपण होतं, आणि मला आज कळतंय? मी कोण? चोर?"

"सांगायचं नसतं रे. बहुतेक पिल्लं जगत नाहीत. तिची दोनदा गेलीत. आता गेलं तर संपलं, पुन्हा तिला संधी नाही. आणि मीच म्हटलं होतं की इथे शांतता आहे."

बेरेंटनं कप बाजूला सारला. गाई विताना गोठ्यात रात्र रात्र काढलेला माणूस तो. मग टोपी घालून उठला. "चल. ऐकव."

माशांच्या खोलीवर त्याला खुर्ची दिली तरी तो बसला नाही. योपनं आवाज वाढवला. सिग्नेचा जड श्वास, पेंढ्याची कुसकुस, आणि मग ती घरघर. बेरेंटनं घातलेली टोपी काढून हातात घेतली.

"पितंय," तो कुजबुजला. त्याला कुणी हळू बोलायला सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मात्र तो हताश होऊन कॅनकडे बघत राहिला. "इथे नाही उडवायचे, कळलं. पण सोळा कॅन नेऊ कुठे? पोरं वर्षभर वाट बघतात. दुसरं सपाट कुरण एकच आहे, कालव्यापलीकडे, आल्बर्टचं. आणि मी त्याच्या दारात जाणार नाही."

आल्बर्ट म्हणजे मीनाचा भाऊ. एका उसन्या नेलेल्या ट्रॅक्टरवरून बेरेंटचं आणि त्याचं बोलणं बंद झालं होतं. ट्रॅक्टर कधीच भंगारात गेला, पण अबोला चांगला टिकला होता.

इथे मात्र हर्मीन आपल्या घरच्या मैदानावर आली. एकमेकांशी न बोलणाऱ्या संचालकांचं जमवून देण्यात तिची हयात गेली होती.

"कॅन तुझेच राहतील," ती म्हणाली. "आल्बर्टकडे नुसते मुक्कामाला."

"आणि तो म्हणाला आता माझेच, तर?"

"अस्वलांच्या बाबतीत आजवर कुणी म्हटलं नाही."

"अस्वलांचं सांगू नकोस. तू आल्बर्टला ओळखत नाहीस."

ती त्याच दुपारी सायकल काढून कालवा ओलांडून गेली, मागच्या दारानं. बेरेंट म्हणतो की आल्बर्टच्या कुरणाइतकं सपाट कुरण पंचक्रोशीत नाही, असं तिनं आल्बर्टला सांगितलं. परत येऊन बेरेंटला सांगितलं की आल्बर्टच्या मते कॅन उडवावेत तर बेरेंटनंच. दोन्ही गोष्टी दोघांच्या मनात होत्याच. तोंडानं मात्र दोघांपैकी कुणीच तसं म्हटलं नव्हतं. हर्मीनला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळपासून ती आणि योप स्पीकरसमोर. योपच्या बायकोनं पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले गोळे डबाभर पाठवले होते, दोघांनी हात लावला नाही. मग कालव्यापलीकडून पहिला बार आला. दूरच्या अंगणात कुणी सतरंजी झटकावी एवढाच. पण सिग्नेनं डोकं उचललं असावं, पेंढा जोरात वाजला. घरघर थांबली.

योपनं हर्मीनचं मनगट धरलं. दुसरा बार आला. तिसरा. सिग्नेनं एक लांब श्वास सोडला, तो जणू 'काय ही माणसं' म्हणून सोडलेला वाटला. पेंढा पुन्हा कुसकुसला, आणि घरघर सुरू झाली. योप मनगट सोडायला विसरला होता. हर्मीननं दुसऱ्या हातानं एक गोळा उचलून तोंडात टाकला आणि त्याच्यावर पिठीसाखर उडेपर्यंत हसली.

पाय मोकळे करायला ती बाहेर आली तेव्हा कुंपणाशी बेरेंट उभा होता. कालव्याकडून बार ऐकू येत होते आणि हा इथे, हातात काठी घेऊन.

"तू तिकडे नाहीस?"

"आल्बर्ट उडवतोय. बरा उडवतो," तो नाखुशीनं म्हणाला. "इथून कुणी फटाके घेऊन जाऊ नये म्हणून थांबलोय. पहिला शेजारी मी आहे ना?" त्याच्या खिशातून तीन-चार पोरांकडून काढून घेतलेल्या फटाक्यांच्या वाती बाहेर डोकावत होत्या.

मार्चमध्ये एका उन्हाच्या सकाळी सिग्ने बाहेर आली, आणि तिच्या मागच्या पायाला चिकटून एक चिखलानं माखलेलं पिल्लू. मादी. बागेच्या फाटकावर रांग लागली, कॅमेरे आले, आणि हर्मीनच्या खोलीत अभिनंदनाच्या पत्रांची रास पडली. ज्यांनी तूप ओढल्याचा आरोप केला होता, त्यांनी त्याच पत्रात खाली हळूच विचारलं होतं, ही मुलगी पुढे आमच्याकडे येईल का?

त्या शनिवारी तिच्या मागच्या दाराशी गलका झाला. दार उघडलं तर अंगणात एक शिडी आडवी, तिच्यावर मनुकांचा पाव, शिडीइतकाच लांब. पुढच्या टोकाला बेरेंट, मागच्या टोकाला आल्बर्ट, मध्ये पोरं, बाजूला लोण्याचं भांडं घेऊन मीना. बाळंतिणीच्या घरी शेजाऱ्यांनी न्यायचा तो पाव. हर्मीननं गावातल्या कितीतरी घरांसाठी या पावाची वर्गणी दिली होती. तिच्या दारात तो कधी आला नव्हता.

"अरे, बाग तिकडे आहे," ती म्हणाली.

"तिकडेच गेलो होतो," बेरेंट म्हणाला. "योप म्हणतो अस्वलीण लोणी-पाव खात नाही. मग म्हटलं, तिच्या माहेरी नेऊ."

हर्मीनला रडू फुटलं. तिनं ते लपवलं नाही, नुसती सुरी शोधायला आत गेली आणि सुरी समोर असून बराच वेळ शोधत राहिली.

टेबलावर पाव मावेना, तो शिडीसकट खुर्च्यांवर ठेवला. लोणी थापता थापता आल्बर्टनं सहज विचारलं, "पिल्लू आईजवळ किती दिवस असतं?"

"दोन वर्षं."

"मग दोन वर्षं कॅन माझ्याकडेच," आल्बर्ट म्हणाला आणि मेहुण्याकडे बघून हसला. बेरेंट काहीतरी पुटपुटला, पण त्याला कॉफी आल्बर्टनंच ओतून दिली होती.

"आणि दोन वर्षांनी तिला कुठे धाडणार?" बेरेंटनं विचारलं.

"जिथले शेजारी चांगले असतील तिथे. इतकी वर्षं हौद विचारले, रस्ते विचारले. शेजाऱ्यांना भेटलात का, हे कुणाला विचारलंच नाही."

"मग इथेच ठेव की. आमच्याहून चांगले तुला कोण मिळणार?"

इतकी वर्षं तिनं किती गोड भाषेत नकार दिले होते. त्यातला एकही शब्द तिला आता सुचेना. पिल्लाचा बाप याच बागेतला, त्यामुळे मोठी झालेली लेक इथे ठेवता येणार नव्हती, हे तर होतंच.

"नाही रे, बेरेंट," हर्मीन म्हणाली, आणि पावाचा सगळ्यात जाड काप त्याच्या ताटलीत ठेवला.