अण्णांच्या रायफलचा नेम

वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, जाऊन महिना झाला. आज त्यांची बोल्टची रायफल जमा करायला बंदुकीच्या दुकानात गेलो होतो.

बहात्तरच्या दुष्काळात हरणं आमच्या हौदावर पाणी प्यायला यायची. मटणाच्या आशेनं गावकरी अण्णांना रायफल घेऊन बसवायचे. त्यांचा नेम दर वेळी चुकायचा.

"अण्णा, तुमच्यापेक्षा गोफण बरी!"

"नळीच डावीकडं मारती," अण्णा म्हणायचे. सगळे हसायचे, मीही.

आज तेच दुकानातल्या मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी मागचा बोल्ट काढून मोकळ्या नळीतून समोरच्या टाकीकडं बघितलं, मग रायफल न हलवता वरून त्याच टाकीवर नेम धरून बघितलं.

"कुठं डावीकडं? लई सरळ हाय की!"

पाण्यावर आलेलं जनावर अण्णांना मारायचं नव्हतं, एवढंच. तुमच्याकडं कुणी असा मुद्दाम नेम चुकवलाय का?